आधी पाय बघ

ॲन आर्बरच्या मराठी मंडळात काका हॉलमध्ये शिरले की नवरे गप्प व्हायचे. मघापर्यंत नव्या गाडीच्या, प्रमोशनच्या बाता मारणारी मंडळी एकदम पेपर प्लेटमधल्या बटाट्याच्या भाजीचा अभ्यास करायला लागायची. बायकांना आधी गंमत वाटायची, पण ती फार टिकायची नाही. एका दिवाळीला काकांनी चकलीचा तुकडा मोडला आणि सहज विचारलं, "वहिनी, चकल्या घरी केल्या?" वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "जाऊ द्या ना भावजी, न्यू जर्सीहून भावानं पाठवल्यात," असं म्हणून त्या कॉफीच्या टेबलाकडे पळाल्या. काका बिचारे कौतुक करायला गेले होते!

सगळ्यांना धाक वाटायचा तो काकांच्या नोकरीचा. काका पॉलिग्राफ चालवायचे, म्हणजे खोटं पकडायचं मशीन. मूळचे मिरजेचे, इलेक्ट्रिकल शिकायला अमेरिकेत आले, शिकता शिकता कुणाचं तरी बिघडलेलं मशीन दुरुस्त करून दिलं आणि त्याच मशीनच्या प्रेमात पडून शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रोबेशन ऑफिसात चिकटले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही. मी नागपूरहून सोशल वर्क शिकायला आले होते आणि फील्डवर्कसाठी त्याच ऑफिसात पडले. माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून काका रोज मला घ्यायला यायचे. दोन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून प्रवास केला, त्यामुळे माझ्याइतका त्यांना ओळखणारा माणूस काकू सोडल्या तर दुसरा नाही.

त्यांच्या गाडीत बसणं हाही एक प्रकारच होता. पॉलिग्राफमध्ये अचानक प्रश्न विचारत नाहीत. सगळे प्रश्न माणसाला आधी वाचून दाखवतात, त्यावर चर्चा करतात आणि मगच मशीन सुरू करतात. काकांच्या हे इतकं अंगात मुरलं होतं, की घरीदारीही ते तसंच वागायचे. मी सीट बेल्ट लावला की सुरू, "मी तुला तीन प्रश्न विचारणार आहे. एक, जेवलीस का? दोन, आईचं पत्र आलं का? तीन, हीटर वाढवू का? समजले? काही शंका?" मी म्हणायची, "नाही काका, शंका नाही." मग ते घसा खाकरून तेच तीन प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. मी एकदा "तसं जेवले म्हणजे, थोडंसं" असं सुरू केलं, तर गाडी चालवता चालवता त्यांनी हात वर केला. "हो की नाही?"

आता आपल्याकडे कुणी "भूक लागली का?" असं विचारलं की पहिलं उत्तर "नाही" असंच असतं ना? आईनं तसंच शिकवलंय. मी "नाही" म्हटलं की काका खूश होऊन स्टिअरिंगवर थाप मारायचे. "पेन उडालं बरं का!" खोटं बोललं की मशीनचं पेन कागदावर उडतं ना, तसं. आणि काकूंनी दिलेला थालीपिठाचा डबा माझ्या मांडीवर ठेवायचे.

पण बाप्पा, थालीपीठ सोडलं तर या माणसाला दुसरं काही म्हणून पकडता येत नव्हतं! दारावर येणारा प्रत्येक सेल्समन त्यांना गंडवायचा. घरात व्हॅक्यूम क्लीनरच इतके होते, की एकात काकूंनी पापड ठेवले होते. रमी खेळताना काकू ढळढळीत पत्ते मांडीखाली सरकवायच्या, मला डोळा मारायच्या, आणि काका हरल्यावर मनापासून म्हणायचे, "हिचं नशीब फार बलवत्तर आहे." मशीन समोर नसलं की ते जगावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. स्वतः खोटं बोलणं तर त्यांना जमायचंच नाही. कुणाच्या घरी मुलानं पियानो वाजवला आणि आईनं "कसा वाटला?" विचारलं, की ते इतके कासावीस व्हायचे, की आम्हीच विषय बदलायचो.

गाडीची किल्ली हा आणखी एक अध्याय. एका हिवाळ्यात किल्ली आत राहिली, दार लॉक झालं आणि काका बर्फात उभे राहून गोठले. तेव्हापासून त्यांनी किल्ली काढणंच सोडलं. ती कायम गाडीतच लटकत असायची आणि दारं उघडी. तेसुद्धा प्रोबेशन ऑफिसच्या समोर, जिथे आठवडाभर काउंटीतले गाडीचोर हजेरी लावायला यायचे! सगळे ऑफिसर डोक्याला हात लावायचे. काका म्हणायचे, "किल्ली जागच्या जागी असली की हरवत नाही." गाडी मात्र हरवायची. म्हणजे कुठे लावली ते आठवायचं नाही. फेब्रुवारीत एकदा दणकून बर्फ पडला. रस्ता साफ करायला टो ट्रक उभ्या गाड्या उचलून नेत होता. संध्याकाळी आम्ही बाहेर आलो तर रस्त्यावर काकांची स्टेशन वॅगन नाही. मी म्हटलं, गेली! शोधत शोधत मागच्या आवारात गेलो, तर तिथे ती व्यवस्थित लावलेली, काचांवरचा बर्फसुद्धा पुसलेला. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "मी इतका शहाणा कधी झालो?" असं म्हणून आत बसले.

त्या ऑफिसातलं काम असं चालायचं. चोरीमारी केलेल्या माणसाला तुरुंगात कोंबण्याऐवजी काउंटीतले एक जज त्याला बाहेर राहू द्यायचे. पण अटी असायच्या. नोकरी करायची, दर आठवड्याला ऑफिसरला भेटायचं, गटात बसून समुपदेशकापुढे मन मोकळं करायचं आणि काही महिन्यांनी काकांच्या खुर्चीत बसून अटी पाळल्याची परीक्षा द्यायची. छातीला रबरी नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना तारा. समोर कागद सरकतोय आणि त्यावर शाईची पेनं थरथरतायत. कोर्स करताना मला हे सगळं भयंकर वाटलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात काकांना सुनावलं, की माणसाला असं बांधून खरं काढणं ही काय रीत झाली?

काका अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "अगं, हे बुजगावणं आहे. पाखरं बुजगावण्याला बघूनच निम्मी उडतात." आणि ते खरंच होतं. मशीन सुरू व्हायच्या आधीच, नुसते प्रश्न वाचून दाखवले की माणसं घडाघडा बोलायला लागायची. मग काका समुपदेशकाला सांगायचे, हा अमुक गोष्टीला घाबरतोय, त्याच्याशी तेवढं बोला. "पण बुजगावण्यालाही सदरा घालावा लागतो," असं म्हणत ते पेनं साफ करायचे. मिरजेत तंबोरे जुळवणारे कारागीर त्यांनी लहानपणी पाहिले होते, तसा कान लावून ते मशीन जुळवायचे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचे. सरकारी मालमत्तेवर लाल डाग पडल्याची तक्रार वरपर्यंत गेली होती, पण काका बधले नाहीत. त्या खोलीत ते कधी बूट घालून जायचे नाहीत. दाराशी बूट काढायचे आणि दिवसभर मोज्यांवर. मोज्यांना अंगठ्याशी हमखास भोक, कारण काकूंनी रफू करणं केव्हाच सोडलं होतं.

मला त्यांनी मशीन चालवायला शिकवलं. सरावासाठी पोस्टमन, काकू, ऑफिसची टायपिस्ट, जो सापडेल त्याला खुर्चीत बसवलं. स्वतः मात्र कधी बसले नाहीत. मी म्हटलं, "काका, तुम्ही बसा ना." तर म्हणाले, "न्हाव्यानं स्वतःची हजामत करू नये."

मुख्य गंमत त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली. खऱ्या प्रश्नाच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा, "तुझ्यावर विश्वास टाकणाऱ्याशी तू कधी खोटं बोललास का?" सगळे "नाही" म्हणतात आणि सगळ्यांचं पेन थोडंफार उडतं, कारण कधीच खोटं न बोललेला माणूस आणायचा कुठून? आता ज्यानं काही केलेलं नाही, तो या साध्या प्रश्नावरच जास्त दचकतो. ज्यानं केलंय, त्याचा जीव पुढच्या खऱ्या प्रश्नात अडकलेला असतो. तेव्हा साध्या प्रश्नावर पेन जास्त उडालं तर माणूस सुटला आणि खऱ्या प्रश्नावर जास्त उडालं तर अडकला.

"मग काका, कुणी मुद्दाम साध्या प्रश्नावर पेन उडवलं तर?"

"शाबास! लबाड लोक तेच करतात. साधा प्रश्न आला की पायाचा अंगठा जमिनीवर दाबतात. रक्तदाब वाढतो, पेन उडतं. म्हणून कागद नंतर बघायचा. आधी पाय बघ."

हे "आधी पाय बघ" त्यांनी माझ्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखं घोकून घेतलं. दुसरी शिकवण अशी, की उत्तर खोटं निघालं तर माणसावर ओरडण्याआधी आपला प्रश्न तपासायचा.

आता डेलची गोष्ट. डेल तिशीतला माणूस, गाड्या चोरण्यात एकेकाळी काउंटीत पहिला नंबर. आता टायरच्या दुकानात सचोटीनं काम करायचा. त्याला एक मुलगी होती, आईकडे राहायची. डेलला ती भेटायची ती फक्त बहिणीच्या घरी, बहीण समोर बसलेली असताना. जज म्हणाले होते, मार्चमधली परीक्षा साफ गेली तर दर शनिवारी मुलगी त्याच्याकडे येईल. नाही गेली तर शनिवार विसरायचे आणि पुन्हा आत जायचं. खुर्चीत बसण्याआधी डेल आम्हाला पॅनकेकबद्दल सांगत होता. मुलीला सशाच्या आकाराचे हवे असतात आणि कान नेहमी तुटतात, म्हणून तो घरी एकटाच सराव करत होता.

काकांनी प्रश्न वाचून दाखवले. खरा प्रश्न असा होता, "प्रोबेशन लागल्यापासून मालकाला न विचारता दुसऱ्याची गाडी चालवलीस का?" डेल म्हणाला, "नाही." मशीन सुरू झालं आणि त्या प्रश्नावर पेन असं उडालं, की कागदाच्या कडेपर्यंत गेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मला तो माणूस आवडला होता हो!

काकांनी शांतपणे त्याच्या दंडाचा पट्टा सोडला, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि विचारलं, "मी विचारलं तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कुठली गाडी आली?"

डेलनं कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तुमची."

फेब्रुवारीतल्या त्या बर्फाच्या दिवशी तो हजेरी लावायला आला होता. टो ट्रकनं काकांच्या पुढची गाडी उचलली होती, पुढचा नंबर काकांचा. तो सांगायला आत धावला, पण आमच्या खोलीबाहेर लाल दिवा लागलेला. परीक्षा चालू असताना कुणी दार वाजवायचं नाही, हा काकांचाच कडक नियम. किल्ली तर लटकतच होती. डेलनं गाडी मागच्या आवारात नेली, काचा पुसल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्याची गाडी न विचारता चालवली होती. अट मोडली होती. सांगितलं तर आत, म्हणून तो गप्प राहिला.

"मला मशीनची भीती नव्हती," तो म्हणाला. "तुमच्या तोंडावर खोटं बोलायची लाज वाटत होती."

परतीच्या वाटेवर काकांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी न राहवून म्हटलं, "काका, यात त्याचा काय दोष? उलट तुमची गाडी वाचवली त्यानं!" ते फक्त म्हणाले, "रिपोर्ट द्यावा लागेल, पोरी. मला खोटं सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या मजल्यावर जजच्या खोलीत गेलो. जज म्हातारे, मिश्कील, सतत पेपरमिंट चघळणारे, पण अटींच्या बाबतीत लोखंड. काकांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. जज म्हणाले, "वाईट वाटतं. पण आज टो ट्रकसाठी सूट दिली तर उद्या प्रत्येक चोर मला टो ट्रकची गोष्ट सांगेल. अट साधी आहे. मालकाची परवानगी हवी. तुम्ही परवानगी दिली होती का?"

काकांनी मिरजेच्या आळीतल्या सायकलींचं पुराण सुरू केलं. आमच्याकडे कुलूप न लावलेली सायकल म्हणजे आळीची असते, ज्याला गरज असेल तो नेतो, मग किल्ली ठेवलेली गाडी म्हणजे...

जजनी हात वर केला. "हो की नाही?"

अगदी काकांसारखाच हात. मला हसूही आलं आणि रडूही. काकांच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती. ते खिडकीबाहेर बघत होते, खाली बाकावर डेल टोपी हातात धरून बसला होता.

"हो," काका म्हणाले. "केव्हाही गाडी हलवावी लागली तर हलव, असं मी त्याला आधीच सांगितलं होतं."

जजनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मग त्यानं स्वतः हे का नाही सांगितलं?"

"विसरला असेल. मी पण विसरतो."

"हेच तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून सांगाल?" जज गमतीत म्हणाले असावेत. पण काका ताडकन उठले. "बसतो की. ही मुलगी मशीन चालवते."

जज खरोखरच आमच्यामागून खाली आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, काकांच्या पाठीमागे बसले. काकांनी नेहमीसारखे दाराशी बूट काढले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या खुर्चीत बसले. मी त्यांच्या छातीला नळ्या, दंडाला पट्टा बांधला, बोटांना तारा लावल्या आणि शिकवल्याप्रमाणे सगळे प्रश्न वाचून दाखवले. "काही शंका?" "नाही," काका म्हणाले.

"आज बुधवार आहे का?"

"हो."

"तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्याशी तुम्ही कधी खोटं बोललात का?"

आधी पाय बघ. घोकलेलं होतं, सवयीनं नजर खाली गेलीच. टेबलाखाली काकांचा उजवा पाय होता. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला होता आणि तो फरशीवर इतका दाबलेला होता, की नख पांढरं पडलं होतं.

"नाही," काका म्हणाले. पेन उडालं.

"डेलला गाडी हलवायची परवानगी तुम्ही आधी दिली होती का?"

"हो." पेन हललं, पण थोडंसंच. पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा अंगठा, पुन्हा तसंच.

मशीन बंद केलं. जज उठून कागदावर वाकले. "काय म्हणतो कागद?"

"कागद म्हणतो, ते खरं बोलतायत," मी म्हटलं. कागद तेच म्हणत होता. पायाबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी काही सांगितलं नसतं, देवाशप्पथ!

जज काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किल्ली काढत जा हो." आणि निघून गेले. बाहेर बाकावर डेलला निरोप मिळाला तेव्हा त्यानं टोपीत तोंड लपवलं. ते आम्हाला खिडकीतून दिसलं.

मी नळ्या सोडायला लागले. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"काका, तुमच्या उजव्या मोज्याला भोक पडलंय."

ते हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. "काकूला सांगू नकोस," म्हणाले.

डेलला शनिवार मिळाले. एकदा तो मुलीला घेऊन आला आणि तिनं काकांना फॉइलमध्ये गुंडाळलेला पॅनकेकचा ससा दिला. दोन्ही कान शाबूत होते. काकांनी तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. मंडळातले नवरे अजूनही त्यांना बघून गप्प व्हायचे, काकू अजूनही मांडीखाली पत्ते सरकवायच्या, किल्लीही गाडीतच लटकत राहिली. बदललं ते एकच. त्या बुधवारनंतर काका मशीनच्या खोलीत बूट घालून बसायला लागले. मला वाटलं, थंडीमुळे असेल. पण उन्हाळा आला तरी बूट पायातच.

ऑक्टोबरात दसरा आला. काकूंनी हळदकुंकवाची डबी आणि अंगणातलं झेंडूचं फूल दिलं होतं. काका दरवर्षीसारखे मशीनसमोर उभे राहिले, पेनं पुसली, कान लावून एकदा ऐकलं. मग फूल माझ्या हातात दिलं.

"तू वाहा," म्हणाले. "माझ्या पायात बूट आहेत."